मार्थेची बाजू

हिंदी सिनेमाने महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती बायकांवर मोठा अन्याय करून ठेवला आहे. पडद्यावरची ख्रिस्ती बाई ठरलेली. गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक, गळ्यात क्रूस, हिंदी बोलताना क्रियापदांची लिंगवचनं वाऱ्यावर सोडलेली, आणि पोटातलं प्रेम ओठांवर यायच्या आधी भाडेकरूला चार शिव्या. १९५९ सालच्या ‘अनाडी’तली मिसेस डिसा हा त्यातला सगळ्यांत गोड नमुना. ती भूमिका केली ललिता पवारांनी, म्हणजे अस्सल मराठी बाईनं, आणि त्याबद्दल फिल्मफेअरची बाहुलीही घरी नेली. परिणाम असा झाला, की आमच्या डोंबिवली पूर्वेच्या सोसायटीत ‘दुसऱ्या मजल्यावर ख्रिश्चन येतायत’ ही बातमी आली तेव्हा सगळी बिल्डिंग जिन्यात फ्रॉक बघायला उभी राहिली.

टेम्पोतून उतरल्या त्या काकू. सुती पाचवारी साडी, पदर खोचलेला, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा. सामानात पहिला उतरला तो पाटा-वरवंटा आणि दुसरा उतरला लोणच्याचा बरणीसंच. जिन्यात उभ्या असलेल्या आम्हा पोरांकडे बघून त्या म्हणाल्या, “आरं, नुसते बघताय काय? बरण्या धरा. आणि खाऊन आलाय का कुणी काही?” आम्ही बरण्या धरल्या. पाटा-वरवंटा वर नेऊन ठेवायच्या आत आमच्या हातात गूळ-शेंगदाणे पडले होते. बिल्डिंग निराश झाली. नगरच्या मराठी बायका आमच्याकडे आधीच चार होत्या.

काकूंचं माहेर नगरचं. अमेरिकन मिशनचे लोक नगरला पोचले १८३१ साली, आणि काकूंच्या घराण्याने त्यानंतर कधीतरी येशूला आपलं म्हटलं. पिढ्या उलटल्या, पण ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि बोलण्यातलं ‘व्हय’ जागचं हललं नाही. त्यांनी नर्सिंगचं शिक्षण नगरलाच घेतलं, लग्न होऊन आल्या ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, आणि कल्याणच्या रेल्वे दवाखान्यात नोकरी केली. काका लोको शेडमध्ये. मुलगा माझा मित्र, माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. त्यामुळे बिल्डिंगमध्ये बाकीच्यांना जे कळायला महिने लागले ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. या घरातून न खाता बाहेर पडायची सोय नाही.

ते सगळ्यांत महागात पडलं सोसायटीच्या सेक्रेटरींना. रविवारी दुसऱ्या मजल्यावरून मटणाचा वास येतो, ही तक्रार त्यांच्याकडे पोचली. कुणी केली ते गुप्त होतं. पण त्याच वासाच्या दिशेनं कुणाची मुलं ‘पेन्सिल आहे का’ विचारायला जात होती ते सगळ्यांना माहीत होतं. सेक्रेटरी समज द्यायला गेले ते संध्याकाळी साडेसातला. ही वेळ चुकीची. साडेआठच्या सुमारास ते खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातात डबा होता आणि चेहऱ्यावर थालीपीठ, लोणी, लसणाची चटणी असा क्रमाने वाचता येणारा मजकूर. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली: ‘वासाचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.’ सोसायटीचा पुनर्विकास झाला, पण तो विषय अजून तहकूबच आहे.

त्या घरात जेवायला बसण्याची एक अडचण होती. ती म्हणजे प्रार्थना. ताट वाढलेलं, वरणावर तूप विरघळत असलेलं, आणि आमेन म्हणेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. काका प्रार्थना करायचे तेव्हा काम झटपट व्हायचं. लोको शेडमधल्या माणसाला वेळापत्रकाची कदर. काकूंना मात्र देवाशी बोलायला बसलं की विषयाला विषय सापडायचा. आधी अन्नाबद्दल आभार. मग ते पिकवणाऱ्याबद्दल. मग नगरकडे पाऊस नाही त्याबद्दल निवेदन. मग मध्य रेल्वे. “हे प्रभू, या वेळी गाडीच्या दारात लटकून येणाऱ्या लेकरांना सांभाळ.” कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या कुणालाही यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. संध्याकाळच्या बदलापूर फास्टमध्ये चढलेला माणूस डोंबिवलीला उतरू शकतो, यामागे दैवी हात असल्याशिवाय दुसरं कुठलं स्पष्टीकरण आजवर कुणी दिलेलं नाही.

रेल्वेनंतर यायचो आम्ही. ही प्रार्थना मोठ्यानं असे आणि तिच्यात गोपनीयता नावाची गोष्ट नसे. “या पोराला भूमितीत अठ्ठावीस पडलेत, त्याला सद्बुद्धी दे,” असं काकूंनी सांगितलं की देवाला कळायचं त्याच क्षणी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिसऱ्या मजल्यावर माझ्या आईलाही कळायचं. मित्र एक डोळा उघडा ठेवून माझ्या ताटातली कुरडई पळवायचा. मी डोळे मिटून घेतलेले, कारण समोर काकू बसलेल्या.

एकदा माझे वडील तिकडे जेवायला होते. वडिलांना ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घातल्याशिवाय घास घेता येत नसे. काकूंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, वडिलांनी तळहातावर पाणी घेतलं. दोघेही आपापलं करत राहिले. योगायोगानं वडिलांची शेवटची शितं आणि काकूंचं आमेन एकाच वेळी पडलं. काका म्हणाले, “राइट टाइम!” आणि सगळे जेवायला लागले. आंतरधर्मीय संवाद या विषयावर पुढे मी काही परिसंवाद ऐकले. एवढ्या कमी वेळात उरकलेला एकही नव्हता.

काकूंची प्रार्थनेची एक वहीही होती. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, दवाखान्यात ड्यूटीचं रजिस्टर ठेवतात तशी आखलेली. तारीख, नाव, तक्रार, आणि शेवटचा रकाना निकालाचा. ‘पहिला मजला, डावीकडे: मुलीचं लग्न.’ ‘तळमजला काका: बीपी, शिवाय स्वभाव.’ ‘पाणी, एमआयडीसी.’ देवाने काम केलं की पुढे बरोबरची खूण. बिल्डिंगमधल्या बायका आधी दबकत, मग सरळ येऊन नोंदी करायला लागल्या. एकीनं विचारलं, “आमचं चालेल का हो तुमच्या वहीत?” काकू म्हणाल्या, “दवाखान्यात केसपेपर काढताना जात लिहितो का आपण? बसा, चहा टाकते.” मी मुलाखत देऊन आलो आणि दोन दिवस तोंड दाखवलं नाही, तर जिन्यातच अडवलं. “काय झालं रे त्या नोकरीचं? तुझी ओळ उघडी राहिलीय माझ्याकडे.” नोकरी लागली हे सांगायला मी आधी आईकडे गेलो की काकूंकडे, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. पाण्यापुढे मात्र खूण कधीच झाली नाही.

आमची आजी सोवळ्यातली. ख्रिस्ती घर शेजारी आल्यावर तिला पहिली काळजी वाटली ती विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या जुन्या गोष्टींची. डोंबिवलीत विहीर उरलेली नाही आणि नळाला पाणी येत नाही, तेव्हा पाव टाकणार कशात, हा वडिलांचा युक्तिवाद तिला पटला नाही. पण पहिल्याच नाताळात काकू वर आल्या त्या स्टीलचं मोठं ताट घेऊन. त्यावर चकल्या, करंज्या, शंकरपाळे, अनारसे. आजीनं ताटाकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे. “अगं, ही तर दिवाळी!” काकू म्हणाल्या, “आजी, नगरला आमच्याकडं नाताळ असाच. तुमची दिवाळी आधी येते, एवढाच फरक. तुम्हाला महिनाभर सरावाला मिळतो.” आजीनं अनारसा उचलला, जाळी पारखली, उजेडात धरली. अनारशाला जाळी पडलेली होती. आजीच्या हातच्या अनारशाला ती दोन वर्षं पडत नव्हती. धर्म वगैरे बाजूला राहिला आणि तांदूळ किती दिवस भिजवता, यावर दोघी बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत.

केकची गोष्ट वेगळी. त्या काळी आमच्याकडे कुणाच्या घरी ओव्हन नव्हता. केकचं मिश्रण अॅल्युमिनियमच्या चौकोनी डब्यांत भरायचं आणि ते डबे बेकरीच्या भट्टीवर भाजून आणायचे, नानकटाईचे आणतात तसे. नाताळाच्या आदल्या दोन दिवसांत ते मोठं काम असे. मी आणि मित्र, प्रत्येकाच्या डोक्यावर दोन डबे, सायकली चुकवत स्टेशनपर्यंत. मिश्रणावर बोट फिरवायला बंदी होती, पण रस्त्यात खड्डा आला की डब्यातलं आपोआप बोटाला लागायचं. आणि रस्त्यात खड्डे होतेच. भट्टीवर सगळ्यांचे डबे सारखे दिसायचे आणि चिकटवलेल्या चिठ्ठ्या उष्णतेनं जळून जायच्या. एका वर्षी आमच्या घरी कुणाचा तरी बडीशेप घातलेला केक आला आणि आमचा कुणी खाल्ला ते आजवर कळलेलं नाही. मग काकूंनी युक्ती काढली. वर काजूच्या पाकळ्यांनी आडनावाचं पहिलं अक्षर लिहायचं. तो डबा परत आला तेव्हा अक्षराचा काना उरला होता. वेलांटी भट्टीवरच्या पोरानं खाल्ली होती. काकू म्हणाल्या, “खाऊ दे. आगीपाशी उभा राहतोय दिवसभर.” पुढच्या वर्षीपासून त्याच्यासाठी वेगळ्या काजूंची पुडी जाऊ लागली. अक्षर पूर्ण परत यायला लागलं.

आजीचा प्रश्न होता अंड्याचा. “यात अंडं नाही ना गं?” असं तिनं विचारलं आणि काकूंची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर दहा आज्ञांतली एक मोडते, आहे म्हणावं तर आजी. पुढच्या वर्षी त्यांनी आजीसाठी दह्याचा वेगळा केक केला. तो दगड झाला. आजीनं तो खलबत्त्यात कुटला, दुधात भिजवला, वर वेलदोडा घातला आणि ‘नाताळाचा शिरा’ म्हणून खाल्ला. दरवर्षी. काकूंना नंतर बिनअंड्याचा मऊ केक जमायला लागला होता, पण आजीला दगडच पाहिजे असायचा. मऊ केकवर तिचा विश्वास नव्हता; मऊ म्हणजे अंडं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंना बोलवायचं की नाही, यावर बिल्डिंगमध्ये चर्चा झाली. आजीनं निकाल दिला. काकू आल्या, तिळगूळ घेतला, वाण घेतलं. कुंकवाचा करंडा त्यांच्यापाशी आला तेव्हा खोलीत एकदम गप्प झालं. आजी बसल्या जागेवरून ओरडली, “तिला अत्तर लावा गं, गुलाबाचं! आणि हात आखडता घेऊ नका.” तेव्हापासून आमच्याकडच्या हळदीकुंकवात अत्तर सगळ्यांनाच लागायला लागलं.

दोघींची खरी गट्टी जमली ती उपासावरून. आजीचा चातुर्मास, काकूंचा ईस्टरआधीचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस काकू चहा सोडायच्या. नर्सच्या नोकरीत चहा सोडणं म्हणजे काय, ते रात्रपाळी केलेल्यालाच कळेल. पण या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. ही सवलत आजीला कळली तेव्हा ती हरखून गेली. “म्हणजे दर आठवड्याला सुटी? आमच्याकडं अशी सोय असती तर मी चातुर्मासात कांदा सोडायला इतकी रडले नसते.” काकू रविवारी सकाळी आमच्याकडे येऊन आजीसमोर बसून कपभर चहा प्यायच्या आणि आजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. बाकी सहा दिवस काकू स्वतः पीत नसल्या तरी दुसऱ्याला पाजण्यावर काही बंधन नव्हतं. उलट त्या दिवसांत आम्हाला जास्त चहा मिळायचा. वासावर भागत असावं.

उत्तम शुक्रवारची उपासना बारा ते तीन. क्रुसावरचे सात उद्गार आणि त्यावर सात जणांची सात प्रवचनं. काकू घरी येऊन आजीला निकाल सांगायच्या. कुणाचं भरकटलं, कोण वेळेत संपवतो, कोण रडवतो. आजी म्हणायची, “आमच्याकडं बुवा एकच, पण बोलतो सातांचं.” 

नाताळाआधी चर्चच्या मंडळीतली माणसं रात्री घरोघर गाणी म्हणत यायची. कल्याणहून निघालेला जथा आमच्याकडे पोचेपर्यंत साडेअकरा व्हायचे. पेटी, ढोलकी, टाळ. गाणी सगळी भजनाच्या चालीवर, कारण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-ओव्यांची वाट चर्चमध्ये शंभरावर वर्षांपूर्वीच पाडून ठेवली आहे. पहिल्या वर्षी तळमजल्यावरचे काका आवाज ऐकून दार उघडून बाहेर आले, दिंडी आहे असं समजून. डोळे मिटून टाळ्यांचा ठेका धरला. दुसऱ्या कडव्यात येशूचं नाव आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. समोर पोटाला उशी बांधलेला सांताक्लॉज उभा होता. पण चाल ओळखीची होती, ठेका जमला होता, मधेच सोडणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी गाणं पूर्ण केलं आणि मगच जाऊन सेक्रेटरींकडे तक्रार केली. रात्री एक वाजता काकू वीसेक माणसांना गवती चहा आणि गरम भजी वाढत होत्या. दाराबाहेर झोपमोड झाली म्हणून भांडायला आलेले दोघेजण होते, ते भजीसाठीच थांबलेत असं समजून त्यांनाही मिळाली.

हेच तळमजल्यावरचे काका. काकू आपल्याला बाटवायला येणार, ही त्यांची पक्की खात्री होती आणि उत्तरं तयार होती. वेदांपासून लोकमान्यांपर्यंत सगळी जय्यत तयारी. काकू आल्याच नाहीत. बीपी तपासायला यायच्या, मीठ कमी करा म्हणायच्या, जायच्या. दहा-बारा वर्षांनी काकांचा धीर सुटला. त्यांनी जिन्यात विचारलं, “काय हो सिस्टर, तुम्ही मला तुमच्या धर्माचं कधी काही सांगितलं नाहीत?” काकू म्हणाल्या, “तीनदा जेवायला बोलावलं, तीनदा टाळलंत. त्याच्या पुढचं काय सांगणार?”

धर्माबद्दल काकूंची स्वतःची मतं मात्र होती आणि ती पाळकांपुढेही लपवलेली नव्हती. त्यांचा मुख्य वाद होता लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायाशी. येशू मार्था आणि मरीया या बहिणींच्या घरी जातो. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते, मार्था एकटी राबते, आणि शेवटी वैतागून त्याच्याकडेच तक्रार करते. तो मरीयेची बाजू घेतो. यावर प्रवचन झालं की काकूंचा त्या दिवशीचा स्वयंपाक जरा तिखट व्हायचा. “प्रभू बोलला ते बरोबरच. पण त्याच्याबरोबर बारा जण होते ना? तेरा माणसं न सांगता दारात. दोघी बहिणी पायाशी बसल्या असत्या तर जेवली असती का ती? मरीयेनं भाजी चिरत ऐकलं असतं तर काय कान बंद पडत होते?” पाच भाकरी आणि दोन माशांचंही तसंच. मत्तय लिहितो, जेवणारे पुरुष सुमारे पाच हजार. बाया आणि मुलं धरली नाहीत. काकू म्हणायच्या, “धरतील कशी? त्या वाढत होत्या. आणि त्या बारा टोपल्या उरलं ते आवरलं कुणी, ते पण नाही लिहिलं.” काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला हे आधी कुणाच्या लक्षात आलं? त्याच्या आईच्या. काकूंच्या मते अख्ख्या नव्या करारात यजमानाची लाज राखणारी ही एक जागा, आणि ती बाईच्या नजरेमुळे.

त्यांच्या बायबलशेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ असायची, हळदीचे डाग पडलेली. लक्ष्मीबाई म्हणजे त्यांच्या लेखी मार्थेची बाजू मांडणारी एकमेव वकील. १८९५ साली त्यांच्या नवऱ्यानं, रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाचं समाधान झाल्यावर काही वर्षांनी. मधल्या काळात सोवळं-ओवळं, विटाळ, पाणी हे सगळं त्यांच्या अंगावरून गेलं, आणि ते सांगताना त्या स्वतःलाच हसतात. टिळकांना खिशात पैसा टिकवता येत नसे आणि दारी आलेल्या माणसाला परत पाठवता येत नसे. नगरला त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे येऊन राहिले. ख्रिस्ती न होता, घरचा मुलगा होऊन. काकू विचारायच्या, “बालकवी टिळकांकडं होता म्हणतात सगळे. टिळकांकडं व्हय? भाकरी कोण भाजत होतं?” मी मराठी साहित्याचा इतिहास रीतसर शिकलो आहे. हा प्रश्न परीक्षेत आला नव्हता.

एकदा काकूंच्या ठाण्याच्या भावाकडून परत येताना आम्ही तलावपाळीवर भेळ खात उभे होतो. समोर सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. मी नुकतंच कुठंतरी वाचलेलं ज्ञान काढलं. काकू, म्हटलं, इंग्रज सोडा, पोर्तुगीजही यायच्या दोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती होते. १३२१ साली युरोपातून फ्रान्सिस्कन संन्यासी इथे आले आणि एका स्थानिक ख्रिस्ती कुटुंबात उतरले. ओडोरिक नावाचा प्रवासी नंतर येऊन गेला, त्यानं लिहून ठेवलंय की अशी पंधरा घरं होती गावात. आणि तुमच्या कल्याणचं तर त्याच्याही आधीचं; सहाव्या शतकातला कॉस्मस म्हणून एक ग्रीक व्यापारी ‘कल्लियाना’त बिशप असल्याचं सांगतो, आणि ते आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात. काकूंनी कल्याणचा बिशप ऐकून घेतला, पण त्यांचं लक्ष ठाण्यातल्या पाहुण्यांवर होतं. “मग पुढं?” मी सांगितलं, त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्यानं मारलं. ती बाई सरळ काझीकडे दाद मागायला गेली. साक्षीदार कोण, तर घरी उतरलेले पाहुणे. त्यांना बोलावलं, साक्षीवरून गोष्ट धर्माच्या वादावर गेली आणि शेवटी चौघांचे जीव गेले. थॉमस, जेम्स, पीटर आणि दिमित्री.

काकूंनी भेळेचा द्रोण खाली केला. “आणि तिचं नाव काय?”

“कुणाचं?”

“जिनं चौघांना जेवायला घालून मार खाल्ला तिचं.”

मी म्हटलं, ते मी वाचलेल्या पुस्तकात नव्हतं. काकू म्हणाल्या, “वाटलंच मला,” आणि भेळवाल्याकडून घरच्यासाठी आणखी चार पुड्या बांधून घेतल्या.

२६ जुलै २००५ चा मंगळवार आमच्या पट्ट्यात कुणी विसरणार नाही. सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. लोकल जिथल्या तिथं उभ्या राहिल्या आणि माणसं रुळांवरून चालत निघाली. मित्रही चालत आला, रात्री दहाच्या पुढे, आणि एकटा आला नाही. वाटेत सोबत झालेली माणसं होती. एक बदलापूरचा बँकवाला, दोन कॉलेजच्या मुली, अंबरनाथचा एक फिटर, डब्याची पिशवी छातीशी धरलेल्या एक प्रौढ बाई, आणि खोक्यात कोंबडीची पिल्लं घेऊन निघालेला एक माणूस, ज्याला कुठं जायचं होतं ते पिल्लांच्या आवाजात कुणाला नीट कळलं नाही. वीज नव्हती. काकूंनी दार उघडलं, मेणबत्ती वर धरली, मोजलं, आणि आत वळून काकांना म्हणाल्या, “पिठलं. मोठ्या पातेल्यात.”

त्यानंतरचा तास मी जवळून पाहिला, कारण कांदे चिरायला मी होतो. बेसन संपलं तेव्हा आमच्या घरचं आलं. ते संपलं तेव्हा तळमजल्यावरच्या काकांनी, ज्यांनी आयुष्यात कधी डबा उचलून दिला नव्हता, आपल्या बायकोला न विचारता घरातलं पीठ आणून दिलं. बँकवाला काकूंच्या घरच्या काकांच्या लुंगीत आणि स्वतःच्या बुटांत असा सोफ्यावर बसला होता. बूट फुगल्यामुळे निघत नव्हते. काकूंनी परातीत साबणाचं पाणी घेतलं, त्याच्यासमोर पाटावर बसल्या आणि त्याचे पाय त्यात बुडवले. तो कासावीस झाला. “आई, असं काय करताय, राहू द्या!” काकू म्हणाल्या, “बुटासाठी करतेय, तुमच्यासाठी नाही. पाय ओढू नका.” आमच्यातल्या एकट्या मित्राच्या तोंडावर काहीतरी उमटलं आणि त्यानं मान वळवली, कारण शेवटच्या भोजनाच्या रात्री कुणी कुणाचे पाय धुतले हे त्याला संडे स्कूलमध्ये शिकवलं होतं. बूट निघाले. आतून वास असा आला की तो विषयच बदलला.

पानं वाढली. कोंबडीवाला घास उचलणार तेवढ्यात मित्र कुजबुजला, “थांबा, आधी प्रार्थना.” त्या रात्री मला भीती होती ती प्रार्थनेच्या लांबीची. मध्य रेल्वे तर होतीच, शिवाय पाऊस, दरडी, घरी न पोचलेले सगळे. पण काकूंनी डोळे मिटले, म्हणाल्या, “प्रभू, पोरं भुकेली आहेत. आमेन.” पिठलं पुरलं. उरलं मात्र नाही. काकू रिकामं पातेलं बघून म्हणाल्या, “बारा टोपल्या त्याच्याकडंच उरतात. आपल्याकडं पातेलं खरवडायला लागतं.” पिल्लं बाथरूममध्ये झोपली. सकाळी काकूंनी नावं विचारून सगळ्यांची वहीत नोंद केली, आणि बँकवाल्याचा फोन आल्यावर त्याच्यापुढे खूण केली.

काकू गेल्या तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे होत्या. तोवर आजी नव्हती, तळमजल्यावरचे काका नव्हते, जुनी बिल्डिंगही नव्हती. टॉवर झाला होता आणि काकू अकराव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये भेटलेल्या कुरिअरवाल्याला ‘जेवलास का’ विचारायच्या. शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या तरी स्वयंपाकघरात कढईचा आवाज बदलला की आतून सूचना यायची.

स्मरणार्थ प्रार्थनासभा टॉवरच्याच हॉलमध्ये झाली. मंडळीतली माणसं होती, दवाखान्यातल्या निवृत्त सिस्टर होत्या, आणि जुन्या बिल्डिंगमधली आम्ही सगळी. जेवण आम्ही करायचं असं माझ्या आईनं परस्पर ठरवून टाकलं होतं, ऐंशीव्या वर्षी, वॉकर धरून. मित्रानं केटररचं नाव काढलं तर ती म्हणाली, “तुझ्या आईच्या कार्याला बाहेरचं जेवण? ती उठून बसेल.” पुनरुत्थानावरची मित्राची श्रद्धा त्या क्षणी किंचित डळमळली असावी, कारण तो लगेच गप्प बसला.

पाळक नवे होते, तरुण, नुकतेच बदलून आलेले. बोलले चांगलं. शेवटी आवाज थोडा चढवून म्हणाले, की आपल्या या बहिणीनं मरीयेप्रमाणे प्रभूच्या चरणांपाशी बसण्याचा चांगला वाटा निवडला होता. हॉलमध्ये चुळबूळ झाली. दवाखान्यातल्या एका सिस्टरनी दुसरीकडे बघितलं. मित्रानं रुमाल तोंडावर धरला. तो रडतोय असं बऱ्याच जणांना वाटलं. माझी आई ऐकू कमी येत असल्यामुळे स्वतःही मोठ्यानंच बोलते. ती म्हणाली, “मरीया नव्हे हो, मार्था! मार्था म्हणा!”

पाळक थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, “बरोबर आहे, मार्थाच.” मग आणखी एक-दोघं. पाळकांनी कागदाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “बरं, मार्था.” पुढचं वाक्य त्यांना सापडेना, तेव्हा त्यांनी सरळ आशीर्वाद देऊन टाकला.

पंगतीत ते ‘थोडंच वाढा’ म्हणाले. त्यांना कुणी नीट सांगितलं नसावं, ते कुणाच्या घरी आलेत. तीन बाजूंनी तिघी धावल्या. एकीनं पिठलं, एकीनं भाकरी, माझ्या आईनं वॉकर भिंतीला टेकवून अनारसे.